आमंत्रण

भरमू वैदू मिरजेच्या प्रयोगशाळेत आला
तेव्हा हरिपूरच्या देवळातली घंटा फडक्यानं बांधलेली होती,
दर्ग्याच्या दाराला साखळी,
आणि गल्लोगल्लीच्या कडुलिंबांवरची गुळवेल
हात पोचेल तिथवर ओरबाडलेली.

फॉर्म मी भरत होते.
धंदा? – झाडं वळकतो.
वय? – बहात्तरच्या दुष्काळात लगीन झालं, तुमीच काढा.
लक्षणं? – वासच येईना, पोरी.
येखंड हातात घेतलं तर
येखंड हाय का चुलीचं जळण, कळंना.

मान वर करा, म्हटलं.
त्यानं मास्क उतरवला आणि थांबला.
आमच्यात मुळी काढायची तर
आदल्या सांजंला जायाचं, हळद-तांदूळ ठिवायचं,
उद्या येतो, आजाऱ्यासाठनं येतो, चल म्हणायचं.
मग पहाटं, कुणासंगं न बोलता.
ह्या खेपंला वेलीला कुणी इचारलंच न्हाई.
कोयतं घिऊन आलं, पोती भरून नेलं.

मी काडी त्याच्या नाकात घातली.
न विचारता. रांग फाटकापर्यंत गेली होती.

रात्री यंत्र लावलं.
तापव, निवव, तापव, निवव, चाळीस आवर्तनं.
आतलं विकर मूळचं कुठल्याशा उकळत्या झऱ्यातल्या जिवाणूचं.
तेही कुणीतरी पहिल्यांदा
वाकून गाळातून उचललं असणार,
हे तोवर मला सुचलंच नव्हतं.
गुरवाचा दिगंबर नमुने आणून द्यायचा, म्हणायचा,
ताई, तुमचंही अनुष्ठानच की.
मी चिडायचे. अनुष्ठानात निगेटिव्ह कंट्रोल असतो का रे?

भरमूची रेघ एकोणिसाव्या आवर्तनालाच उठली.

सिव्हिलला सतरा दिवस. नाकात ऑक्सिजन,
उशाशी वेखंडाचा तुकडा.
नळी सरकवून हुंगायचा, मान हलवायचा.
शेवंता, त्याची बायको, घरीच काढा पीत राहिली, घरीच गेली.
काढ्यानं गेली नाही. काढ्यानं राहिलीही नाही.
मला एवढंच नोंदवता येतं.

मार्चात तो लशीला आला.
शीतपेटीसमोर उभा राहून कनवटीतून
तांदळाचे चार दाणे काढले.
सिस्टर ओरडली, बाबा, इथं काही ठेवायचं नाही.
दाणे त्यानं मुठीत परत घेतले.
मला हळूच विचारलं,
हिला काल सांगून ठिवलं हुतं का?
मी म्हटलं, काल रात्री गाडी आली पुण्याहून, बर्फातून,
त्याआधीचं मला माहीत नाही.
मग आली तर खरी, म्हणाला,
आणि बाही वर केली.

वास? थोडा येतोय म्हणे.
येखंडाचा येतो, लांबनं,
भितीपल्याड कुणी उगाळल्यागत.
शेवंताच्या लुगड्याचा न्हाई येत.

प्रयोगशाळेमागच्या कडुलिंबावर
बुडातून तोडलेल्या वेलीनं वरूनच दोरे सोडलेत.
जमिनीपासून वीतभर वर आहेत अजून.
मी कुणाला सांगितलेलं नाही.