अकरा दिवसांची मालकीण

गाडीच्या कागदावर माझं नाव होतं:
त्सियाला गेलाश्विली, रुस्तावी, जॉर्जिया.
दिरानं लावलं. कराची काहीतरी भानगड.
मी सही केली, आणि बादली घेऊन
तीच गाडी आतून पुसायला बसले.
रोजचं काम माझं. दुसऱ्यांच्या गाड्या पुसते.

नॉर्वेहून आली होती ती. पोतीपर्यंत जहाजानं,
पुढे ट्रकच्या पाठीवर.
काळी. हायब्रिड. एवढी रुंद
की आरसे मिटवूनच फाटकातून आत घ्यावी लागली.
सीट गरम करायची बटणं, पाठीला वेगळं, बुडाला वेगळं.
बुडाची एवढी काळजी घेणारा देश
मी तोवर पाहिला नव्हता.

सीटखाली लहान मुलाचा लोकरी मोजा, एकच.
कुत्र्याचे पांढरे केस, ब्रशला न जुमानणारे.
चार्जिंगची केबल,
शाळेत जाणाऱ्या मुलीची वेणी घालावी तशी आवळून बांधलेली.
आधीचा मालक तोर्गाइर नेसहाइम.
सर्व्हिसच्या वहीत दर मार्चला त्याची सही,
आठ वर्षं, एकसारखी.
असा माणूस गाडी का विकतो?
पडद्यावरच्या नकाशात त्यानं दोनच ठिकाणं जपली होती:
घर,
आणि ओस्टा.
ओस्टा कोण, ते मला कसं कळावं.

गिऱ्हाइकं यायची. "चालू कर बघू."
"चालूच आहे."
मग बॉनेटला कान लावायचे, थाप मारायचे,
"मेलीय ही," म्हणून निघून जायचे.
तिकडे आवाज नसण्याचे पैसे मोजतात म्हणे.
आमच्याकडे गाडीनं निदान खाकरून दाखवावं लागतं.

दहाव्या रात्री मी पाव आणायला म्हणून निघाले.
पावाचं दुकान चारशे पावलांवर.
नुसत्या बॅटरीवर, दिवे मंद,
लामाराच्या खिडकीखालून गेले.
कुणाच्या घरी कोण किती वाजता आलं
याचा सगळा हिशोब जिच्याकडे,
त्या लामाराच्या खिडकीखालून!
पडदासुद्धा हलला नाही.
दुकान मागे पडलं. पूल मागे पडला.
बुडाखालचं बटण मी तिसऱ्या आकड्यावर ठेवलं
आणि कुठेच गेले नाही, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी तोक्तोबेक आला, किरगिझस्तानहून,
कोटाच्या अस्तरात नोटा शिवून.
त्यानं "चालू कर" म्हटलंच नाही.
हाताचा तळवा बॉनेटवर ठेवला नुसता.
"घोडा उभ्यानं झोपतो," म्हणाला,
"म्हणून काय मेलेला असतो?"
रशिया, कझाकस्तान, पाच दिवसांचा रस्ता.
घासाघीस मात्र भरपूर केली.

जानेवारीत त्याचा फोन.
"मेंढ्यांना ऐकू येत नाही ही!
मागून येतो, तर ढिम्म, रस्त्यात तशाच.
शेवटी गुलसानानं बंपरला
आमच्या बोकडाची घंटा बांधली."
आणि केबल?
"चांगली मजबूत आहे. वासरू बांधलंय."
तिथे विजेचा भरवसा नाही, पेट्रोल लांब,
आणि उणे तीसमध्ये
बुडाखालच्या बटणासाठी सासूसुनेची भांडणं.

मग आवाज खाली आणून म्हणाला,
"ती आतली बाई रोज सकाळी एकच वाक्य बोलते.
काय म्हणते ती?"
मला माहीत होतं. मलाही तेच म्हणाली होती;
पोतीच्या एका खलाशाकडून मी अर्थ विचारून घेतला होता.
तुम्ही नकाशाच्या बाहेर आहात.
पडदा सगळा पांढरा,
आणि घराचा बाण पश्चिमेकडे.

"सुप्रभात म्हणते," मी सांगितलं.
"हां," तोक्तोबेक म्हणाला,
"गुलसाना तिला तेच उत्तर देते."

कागदाची झेरॉक्स माझ्या पिठाच्या डब्याखाली आहे.
दुसरा मालक, असं लिहिलंय, आणि पुढे माझं नाव.
लामाराला अजून पत्ता नाही.