गळती

पासष्ट अंशांवर, अमोनियाच्या वासात दोन तास.
गाळणीवर उरली कंदिलाच्या काजळीसारखी भुकटी:
निकेल, आणि सहा हातांनी त्याला धरून बसलेला
एक सपाट रेणू.
मधे भोकंच भोकं.

याआधीच्या जाळ्या देखण्या होत्या,
पण विजेच्या बाबतीत ठार बहिऱ्या.
ही ऐकते.

अण्णांनी चाळीस वर्षं तांबट आळीत हंडे ठोकले.
जोड दिला की रात्रभर भरून ठेवायचे,
सकाळी फरशी कोरडी हवी.
त्यांना म्हटलं, माझ्या एका ग्रॅमच्या आतल्या भिंती उलगडल्या
तर आपली आळी झाकून उरतील.
"मग त्यात पाणी राहणार कसं?"
राहायचंच नाही, अण्णा.
पाण्यानं आत यायचं आणि फुटायचं.
"गंगेचं चालतं?"
नाही. क्षार असतात तिच्यात.
ते जरा दुखावले.

शनिवारी कॉलेज रोडवरच्या लॅबमध्ये आले,
चपला दाराशी काढून.
कार्बनच्या कागदावर मोहरीएवढे बुडबुडे
सुटत होते, न थांबता.
सवयीनं त्यांनी काचेला कान लावला.

चौथ्या तासाला करंट घसरू लागला.
मी आम्ल तपासलं, वायरी तपासल्या, पुन्हा आकडे.
ते वाकून तळाकडे बघत होते,
जिथे चार काळे कण बसले होते.

"भांडं बरं आहे," म्हणाले,
"जोड सुटलाय."

वहीत तारीख टाकली.
तिच्यापुढे त्यांचेच शब्द,
अवतरणचिन्हांशिवाय.