रकाना चौथा

मिंदेलोच्या धक्क्यावर पहाटे कुपा उतरतो तेव्हा
त्याला कुणी विचारत नाही, तू कुठला.
बर्फवाला विचारतो, किती.
मांजर विचारते, डोकं कुणाचं.

प्रश्न दहा वाजता सुरू होतो, माझ्या टेबलावर.
रकाना चौथा : मूळ देश.

आमच्याच पाण्यातला आहे, मी लिहिते.
पाणी पुरत नाही, पुस्तिका सांगते, पान एकशे बारा.
जहाज कुणाचं? झेंडा कुठला?
मालकीचा अर्ध्याहून जास्त वाटा
रात्री कुठल्या बंदरात झोपतो?
जहाज भाड्याचं.
एर्मेलिंदाबाईंना स्वतःचं कधी परवडलं नाही.
म्हणजे आमच्या समुद्रात वाढलेला,
आमच्या नेल्सिन्यूने गळाने ओढलेला,
आमच्या बायांनी सोलून, शिजवून डब्यात बसवलेला
तो मासा परका.
मीठ आमचं आहे.
मिठाला रकाना नाही.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
आमच्या बेटावर नदीच नाही,
म्हणून माशाचं विचारत असतील.

गेल्या वर्षी छोट्या होड्यांचा माल गोळा करून
एक खेप पाठवली, सगळ्या कागदांसकट.
उलट टपाली चौकशी आली :
नमुन्यातला शिक्का जांभळा, तुमचा निळा का?
सही करणारे सेन्योर तावारेश निवृत्त झालेले.
त्यांच्या खुर्चीत बसलेल्या पोराची सही
पलीकडच्या यादीत अजून पोचायची होती.
कंटेनर एकोणीस दिवस उभा, भाडं रोजचं.
सवलत तिथेच उभ्या उभ्या संपली.

आज बाईंनी एका पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला.
जकात वाचेल, ब्याऐंशी हजार.
दाखला, वकील, प्राइयाला विमानाच्या दोन फेऱ्या,
जहाजमालकाचं शपथपत्र, त्याचं भाषांतर,
भाषांतरावर आणखी एक शिक्का :
एक लाख तीस.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
आणि इथे तर कोंबडीही नाही.

पाकीट टोनेकाचं होतं. रॉटरडॅमहून.
सतरा वर्षं झाली त्याला तिकडे. पासपोर्ट तिकडचा,
बायको तिकडची, गुडघ्याचं ऑपरेशन तिकडचं.
तरी ट्रॅममध्ये, दवाखान्यात, भाड्याची खोली बघताना
लोक विचारतात, मूळचा कुठला?
तो सांगतो.
शिक्का नाही, सही नाही,
लगेच पटतं.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. हसल्या नाहीत.
झुल्मिरा, म्हणाल्या, पूर्ण जकात भर.
दरवर्षीसारखी.

मी फॉर्म फाडला नाही, कागद चांगला जाड असतो.
उलटा केला
आणि बायांचे आजचे तास लिहायला घेतले :
मारिल्झा साडेनऊ, दूल्से आठ,
झेझिन्या बोट कापलं म्हणून सहा.