उजवी पेटी

आमच्या वडगावच्या गल्लीत भिंतींना कान नाहीत,
माग आहेत.
सकाळी सातपासून खटक-खट, खटक-खट.
लाईट गेली तरच समजतं
शेजारची सुशव्वा दिवसभर कुणाशी भांडते ते.

शनिवार खुटाजवळ दोन पेट्या मिळाल्या, जुन्या,
प्लायवूडच्या, बुडाशी ओलीनं फुगलेल्या.
दस्तगीरमामूनं बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं.
ठण्ण.
"गाणं कागदानं म्हणायचं असतंय, पोरी,
पेटीनं गप बसायचं.
हिला मधी मधी बोलायची खोड हाय."

म्हणून रविवारी
दोन्हींच्या पाठी उघडून बसले.
गच्चीच्या गळतीसाठी आणलेला डांबरी कागद उरला होता,
तो गरम करून आतून चिकटवला.
घरभर नव्या रस्त्याचा वास.
उशी उसवली, कापूस पिंजून भरला.
"दाबू नको, स्वल्प सैल," मामू फोनवर.
पायांखाली जुन्या चपलेचे तुकडे,
आणि वरच्या छोट्या स्पीकरभोवती
घोंगडीची चकती, मधे भोक,
आवाज लाकडावरून घसरत जाऊन
कडेला फुटू नये म्हणून.
घोंगडी अप्पांची.
विचारलं नाही.

पुन्हा ठोकलं.
डब.
जेवून उठलेल्या माणसाच्या पोटासारखं.

लावायला कॅसेट एकच,
अप्पांच्या भजनी मंडळाची,
मारुतीच्या देवळात कुणीतरी टेपवर धरलेली.
एका बाजूला मराठी, दुसरीला कानडी,
टाळ दोन्हीकडे तेच.
इतकी वर्षं मला त्यात नुसता चुरा ऐकू यायचा,
पत्र्यावर वाळू ओतावी तसा.
आता एकेक टाळ सुटा.
सात जण. मी मोजले.
सातवा किंचित मागे,
दर वेळी तेवढाच मागे,
आणि तो कोण हे कुणी सांगायची गरज नव्हती.
घरातही चपला घालून तयार व्हायला
त्यांनाच तेवढा वेळ लागतो.

अप्पांना हाक मारली. मग हात हलवला.
एक्केचाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस.
कानाच्या डॉक्टरनं काढून दिलेली रेघ
चोर्ल्याच्या रस्त्यासारखी,
बरी चालत येते आणि एकदम खाली.
टाळ त्या घाटाच्या तळाला राहतात.

ते आले, उजव्या पेटीवर तळवा ठेवला,
रोज ठेवतात तसा.
मला वाटायचं, टेकायला.
थांबले. हात सरकवला, बाजूला, परत वर.
"बंद पडलं काय गं?"

कॅसेट फिरत होती.
सात जण अगदी स्वच्छ वाजवत होते.

रात्री उलथन्यानं डांबर खरवडलं,
उजव्या पेटीच्या वरच्या फळीचं तेवढंच.
निघता निघेना. नखं काळी.
मामूला सांगितलं तर तो हसला नाही,
चिडलाच.
"दोन्ही सारख्या पाहिजेत.
एक गप, एक बडबडी, असं कुठं असतंय?
काय करालास तू हे?"
मी म्हटलं, असतं मामू,
आमच्या घरात आहे.

डावी माझी.
उजवी ठोकली की अजून म्हणते ठण्ण,
आणि दिवे लागल्यावर अप्पा तिच्यावर हात ठेवून बसतात.
पखवाज तळव्यातून मनगटापर्यंत चढत असावा,
कारण अंगठा हलतो,
किंचित मागे.

घोंगडीतल्या दोन भोकांचं त्यांना माहीत नाही.
थंडी पडली की कळेल.