दोनशे सात

घोडबंदर रोडला, गायमुखच्या अलीकडे.
नाश्ता धरून सव्वाचार हजार,
एक्स्ट्रा गादीचे आठशे वेगळे.
शाल्मली म्हणाली, मी मध्ये झोपते.
वाचले आठशे.

खोलीची खिडकी घसरगुंड्यांकडे नव्हती,
भटारखान्यामागच्या अंगणाकडे होती.
तिथे दोरीवर, चादरींच्या शेजारी
अस्वलाचं डोकं वाळत होतं,
दोन्ही कानांना चिमटे लावलेलं.
आणि खाली, मानेपर्यंत अस्वल असलेला एक माणूस
उकिडवा बसून डाळभात खात होता.

मी पडदा ओढायला धावले. उशीर झाला होता.
तिने काही विचारलं नाही,
काचेला नाक लावून
त्याचा भात संपेपर्यंत उभी राहिली.

रात्री येऊरच्या बाजूला काहीतरी ओरडलं.
एसी गळत राहिला थेंब थेंब
आम्हा तिघांच्या चपलांवर.

सकाळी फाटकापाशी रांग. फोटोचे शंभर.
अस्वलाने पंजा पुढे केला.
तिने तो दोन्ही हातांनी धरला,
टाचा उंचावून तोंडाच्या जाळीशी गेली
आणि हळूच म्हणाली,
"काल लोणचं होतं का?"

जाळीतून बराच वेळ काहीच नाही.
मागचे लोक चुळबुळायला लागले.
मग आतून, घोगरं,
"होतं. लिंबाचं."

फोटो काढायचा राहूनच गेला.