पाठमोरा

मी गोलकीपर. म्हणजे अठरा वर्षं
मी हसुराम मढवीची पाठ पाहिली.
लोकांना त्याचा चेहरा आठवतो,
पेपरात एकदाच आलेला, तोही कपाच्या कानाआड अर्धा.
मला विचाराल तर डावा खांदा जरासा खाली,
लहानपणी आईबरोबर चिंबोऱ्यांची पाटी वाहिलेला,
मानेवर घामाचं पांढरं मीठ,
आणि आठ नंबर, जो तिसऱ्या मोसमात
अर्धा उखडून तीन झाला.
मंडळाकडे नव्या जर्सीचे पैसे नव्हते.
तो तीन घालून खेळला,
रेफ्री वहीत आठ लिहीत राहिला.

करावे गावामागे, बुजवलेल्या मिठागरावर आमचं मैदान.
उधाणाला खाडीकडचा कॉर्नर ओला व्हायचा.
टॉस जिंकला की पाहुणे ऊन बघायचे,
हसुराम तिथी बघायचा.
पाणी कुठवर चढणार, किती वाजता,
हे त्याच्या घोट्यांना ठाऊक,
आणि नेमक्या त्या वेळी चेंडू तिकडे सरकायचा
जिथे बाहेरच्यांचे बूट रुततात.

वेगाने तो कधी धावलाच नाही.
निवट्या पकडणाऱ्या घरातला पोर.
निवटी धावून सापडत नाही,
बिळापाशी उभं राहायचं, सावली पडू द्यायची नाही.
मधल्या वर्तुळात तो तसा उभा राही.
गोल किती केले?
नऊ.
अठरा वर्षांत नऊ. पुढचं विचारू नका,
ज्यांनी दोनशे केले त्यांना विचारा
चेंडू आला कुठून.

एका मोसमाला गोव्याला गेला. पगार, खोली, दोन वेळचं जेवण.
त्या वर्षी माझ्यासमोर नुसतं मैदान होतं,
आणि चौदा गोल.
मे महिन्यात परतला, पिशवी माझ्या ओट्यावर ठेवली.
'काय रं?'
'तिकरं बॉल लय उसलतं.'
एवढंच बोलला. त्यावर गावाने
सात-आठ कारणं तयार केली, एक बाईचंसुद्धा.

साडेबारा टक्क्यांचे पैसे आले तेव्हा
आळीत गाड्या आल्या, उभ्या करायला जागा नाही आली.
हसुरामने चुन्याच्या रेघा मारायचं यंत्र घेतलं,
चाकवालं.
बायको, भारती, आठ दिवस बोलली नाही.
नवव्या दिवशी तीच यंत्र ढकलत होती
आणि तो पुढे सुतळी धरून, पाठमोरा.

मग गुडघा. मग दुसरा.
आम्ही खालच्या गटात उतरलो, वर आलो, परत उतरलो.
पोरं खारघरच्या टर्फवर जायला लागली, तासाच्या भाड्याने,
जिथे भरती येत नाही.

शेवटची मॅच. शून्य-दोन. अठ्ठ्याऐंशी मिनिटं.
चेंडू त्याच्या पायाशी, समोर तिघे,
डावीकडे मोकळा उभा मोरेश्वरचा पोर, हात वर.
आणि हसुराम वळला.
वळून माझ्याकडे बघितलं.
हा चेहरा मला ओळखू यायला वेळ लागला.
कल्ले पिकलेले. कपाळावर ती खूण कधी पडली?
त्याने चेंडू हलकेच मागे सोडला, माझ्याकडे,
बाळाला ओटीत द्यावं तसा.

नियम आहे: आपल्या माणसाने पायाने दिलेला
हाताने उचलायचा नाही.
आणि माझे पाय, ते तर सगळं गाव जाणतं.
मी मारला.
चेंडू लाइनीवरून, कुंपणावरून, तिवरांत.
दुसरा चेंडू आणेपर्यंत शिट्टी झाली.

आम्ही दोघं बांधावर उभे.
काठी घेऊन मी चिखलात उतरायला लागलो,
तर त्याने दंड धरला.
'ऱ्हाऊं दे. येल भरतीला.'

आठ महिने झाले. चप्पल आली, नारळ आले,
गणपतीचा एक हात आला.
रविवारी तो रेघा मारतो, मी सुतळी धरतो.
पुढे मी असतो.
मागे चाक कुरकुरतं, मी वळत नाही.