मधल्या दांडीवरचा रुपया

माझं काम लिहिण्याचं.
जिमखान्यात हजेरीबुक, चेंडूंचा हिशेब,
आणि सामना असला की धावफलक.

त्या वह्यांत इराप्पा हुच्चे दोन ठिकाणी आहे.
एकदा नोकरांच्या यादीत, माळ्याच्या खाली, भिस्त्याच्या वर:
'बोलर, दरमहा रुपये अकरा.'
आणि एकदा धावफलकात,
जिथं बाद होणाऱ्याला रा. रा. लावायचे
आणि बाद करणाऱ्याला नुसतं 'इरा'.
नियमच होता तसा. हात माझा होता.

गंगावेशीतला गवळ्याचा पोर.
पहाटे सात म्हशी पिळून, शेणाचे पाय धुऊन यायचा.
बोटं अशी, की चेंडू धरला
तर शिवणच दबून बसावी.
साहेबानं विचारलं, ही पकड कुणी शिकवली?
म्हणाला, 'आचळानं.'
दुभाषा मीच. मी साहेबाला सांगितलं, वडिलांनी.

संध्याकाळी जाळीत सरदारांचा सराव.
मधल्या दांडीवर चांदीचा रुपया ठेवायचे,
उडवलास तर तुझा.
पहिल्या वर्षी त्यानं इतके उडवले
की दुसऱ्या वर्षी अधेली आली,
तिसऱ्या वर्षी पावली.
'दांडी तीच हाय की,' म्हणायचा इरा,
आणि तेवढ्याच जोरात टाकायचा.

पिंपळापासून सोळा पावलं.
गळ्यातलं लिंग सदऱ्याआड घट्ट बांधलेलं,
शेवटच्या पावलाला जीभ दातांत,
आणि चेंडू दिसायच्या आधी ऐकू यायचा.
हे कुठं लिहू? वहीत रकाना नव्हता.

मिरजेकडचे पाहुणे खेळायला आले त्या साली
त्यांचा कप्तान एक्केचाळीसवर होता.
तंबूतून निरोप आला, पाहुण्यांचे पन्नास होऊ देत.
निरोप घेऊन मीच गेलो, उन्हातून, छत्री धरून.
इरानं ऐकून घेतलं, चेंडू मांडीला पुसला.
'म्हशीला सांगून बघा रावसाहेब,
आज जरा कमी दे म्हणून.'
पुढच्याच चेंडूला दांडी यष्टिरक्षकाच्या पायाशी.
चहा त्यांनी तंबूत घेतला.
इरानं झाडाखाली, आपल्या फडक्यातली भाकरी.
रात्री मी लिहिलं: दंड रुपये दोन, कारण उद्धटपणा.

अकरा वर्षं. आठवड्याला सहा संध्याकाळी.
एकदा झोप येईना म्हणून हिशेब मांडला,
चार लाखांना चार हजार कमी एवढे चेंडू.
वहीत आलेत ते एकोणीसशे बारा.
बाकीचे जाळीत अडले, गोळा झाले,
बादलीतून पुन्हा त्याच्याच हातात गेले.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी खांद्यातून आवाज आला,
दोर तुटून घागर आडात पडावी तसा.
तालमीतल्या वस्तादांनी महिनाभर तेल चोळलं.
हात कानाच्या वर जाईना.
पगार चौदा तारखेपर्यंतचा:
पाच रुपये दोन आणे. अंगठा घेतला, शाई पुसायला कागद दिला.

आता तो गंगावेशीच्या कट्ट्यावर असतो,
दिवे लागले की म्हैस घेऊन.
गिऱ्हाईक पेला पुढं करतं, तो धार सोडतो,
फेस काठाच्या वर येतो आणि सांडत नाही.
पिळायला खांदा लागत नाही, म्हणतो.
ही म्हैस त्या पहिल्या वर्षीच्या रुपयांतून घेतलेल्या म्हशीची नात.
घराणंच 'दांडी' नावाचं.

जिमखान्याच्या वह्या रद्दीत निघाल्या तेव्हा
मी एक मागून घेतली.
टाक जुनाच, शाई नवी, रंग जुळेना;
प्रत्येक 'इरा'च्या आधी रा. रा. बसवत गेलो,
समासात जागा नव्हती तिथं तिरकं.
नेऊन दाखवली त्याला.
वाचता येत नाही. पानावरून बोट फिरवलं, दुधाचा ओला डाग पडला.

'मिरजेचा तो पाहुणा कुठं हाय ह्यात?'
दाखवला.
'दांडी कुठली उडाली ते लिवलंयसा?'
नव्हतं लिहिलं.
'मधली,' तो म्हणाला. 'अन् तिच्यावर रुपया नव्हता.'

मग म्हशीच्या पाठीवर थाप मारून
माझ्या हातातला पेला मागितला.